दुकानाच्या काचेसाठी काढलेलं चित्र: १८९०च्या दशकातली अमेरिकन मासिकांची पोस्टरं कशी पाहावीत, कशी ओळखावीत

न्यूयॉर्कच्या हार्पर अँड ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेने आपल्या ‘हार्पर्स’ या मासिकाच्या एप्रिल १८९३च्या अंकासाठी एक छोटं पोस्टर काढलं. पावसात उभा राहून मासिक वाचण्यात गढलेला एक गृहस्थ, वर मासिकाचं नाव, सोबत महिना. चित्र हार्परचाच कलासंपादक एडवर्ड पेनफिल्ड याचं होतं. ते इतकं चाललं की १८९९पर्यंत तो महिन्याला एक पोस्टर काढत राहिला आणि लिपिनकॉट्स, सेंच्युरी, स्क्रिब्नर्स, शिकागोचं ‘द चॅप-बुक’ हे पाक्षिक, सगळेच त्या वाटेने गेले. १८९५-९६मध्ये तर लोक ही पोस्टरं गोळा करण्यासाठी अक्षरशः वेडे झाले होते.

या पोस्टरांची गरज का पडली हे आधी समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरून उलगडतं. हार्परचं मुखपृष्ठ दर महिन्याला तेच असायचं. तीच नक्षी, तोच मजकूर. स्टॉलवर नवा अंक आलाय की जुनाच पडलाय हे दुरून कळायला मार्ग नव्हता. त्यात ऑक्टोबर १८९३मध्ये मन्सीज मासिकाने किंमत १० सेंटवर आणली. ३५ सेंटला विकणाऱ्या हार्पर आणि सेंच्युरीला स्टॉलवर लक्ष वेधून घेणं भाग पडलं. मुखपृष्ठाला जे जमत नव्हतं ते पोस्टरने केलं. म्हणून ते भिंतीवर डकवायच्या सर्कशीच्या जाहिरातीसारखं अवाढव्य नाही. पुस्तकाच्या दुकानाच्या काचेत आणि वृत्तपत्राच्या स्टॉलवर मावेल एवढं आहे. म्हणूनच त्यावर महिना ठळक आहे आणि मजकूर जेमतेम.

पायरी १: आधी एकाच चित्रकाराची वीस पोस्टरं

नवखे लोक पाचसहा प्रसिद्ध नावं एकदम उघडतात आणि सगळी पोस्टरं डोक्यात एकमेकांत मिसळतात. तसं करू नका. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संग्रहात ही पोस्टरं मोठ्या आकारात, फुकट उतरवून घेता येतात. मेट्रोपॉलिटनला हा खजिना मुख्यतः लिओनार्ड लॉडर यांनी १९८४मध्ये दिलेल्या देणगीतून मिळाला. बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांचे संग्रहही चांगले आहेत. फाइल घेताना टिफ मिळत असेल तर तीच घ्या. जेपेगमध्ये सपाट रंगांच्या कडांना भुरकट किडे दिसतात आणि ते छपाईचे दोष आहेत असा गैरसमज होतो.

पेनफिल्डची वीस पोस्टरं कालक्रमाने लावा. १८९३-९४ची चित्रं बारीक रेषेची, हलक्या रंगांची, पुस्तकातल्या चित्रासारखी वाटतात. १८९५नंतर बाह्यरेषा जाड होते, रंग सपाट होतात, माणसं चौकटीच्या कडेला कापली जातात. मे १८९६च्या पोस्टरमधली दोन मांजरं कवटाळून उभी असलेली बाई आणि पहिल्या वर्षातलं कुठलंही चित्र शेजारी ठेवलंत तर फरक सांगावा लागत नाही. कापलेल्या आकृत्या आणि तिरपी रचना जपानी लाकडी ठशांच्या चित्रांतून आणि पॅरिसच्या तुलूझ-लोत्रेककडून आली आहे.

मग लिपिनकॉट्सकडे वळा. विल कार्क्विल आणि त्याच्यानंतर जे. जे. गूल्ड यांनी पेनफिल्डचीच वाट धरली, कार्क्विलचे रंग जरा भडक. तिसरा विल ब्रॅडली, आणि त्याच्यापाशी थोडं रेंगाळा. १८९४मधलं चॅप-बुकचं त्याचं ‘द ट्विन्स’ हे पोस्टर अमेरिकन आर्ट नूवोची, म्हणजे लाटांसारख्या वळणदार रेषांच्या शैलीची, सुरुवात मानलं जातं. पेनफिल्ड माणूस काढतो. ब्रॅडलीला माणसापेक्षा घागऱ्याच्या लाटेत जास्त रस. लुई र्‍हेडवर फ्रान्समधल्या ग्रासे या पोस्टर-चित्रकाराची छाप आहे, रंगीत काचेच्या खिडकीसारख्या जाड रेषांची. बोस्टनची एथेल रीड जेमतेम दोन-तीन वर्षं जोमाने काम करून या क्षेत्रातून दिसेनाशी झाली. तिची पोस्टरं मासिकांपेक्षा पुस्तकांची अधिक, पण वगळू नका.

पायरी २: रंग मोजा

चित्र चांगलं की वाईट हे सांगण्याआधी ते किती शायांत छापलंय हे सांगता आलं पाहिजे. प्रत्येक शाई म्हणजे वेगळा दगड किंवा पत्रा, वेगळी छपाई, वेगळा खर्च. त्यामुळे बहुतेक पोस्टरं तीन-चार शायांत भागवलेली असतात. १८९६मध्ये सेंच्युरीने पोस्टर स्पर्धा घेतली तेव्हा रंगांवर मर्यादा घातली होती. पहिलं बक्षीस जे. सी. लायनडेकरला मिळालं. मॅक्सफिल्ड पॅरिशने मर्यादेपेक्षा जास्त रंग वापरले म्हणून तो दुसऱ्या क्रमांकावर गेला असं सांगतात. त्याचं चित्र मात्र सेंच्युरीने ऑगस्ट १८९७च्या अंकासाठी छापलंच, आणि आज लोकांना तेच आठवतं.

मोजायची पद्धत अशी. चित्र पडद्यावर ४०० टक्के मोठं करा. आधी कागदाचा रंग बाजूला काढा. तो शाईत धरायचा नाही. पेनफिल्डच्या बऱ्याच चित्रांत चेहरा आणि हात म्हणजे नुसता कोरा कागद असतो, त्वचेला वेगळी शाईच नाही. नंतर रेषेची शाई शोधा. ती काळीच असेल असं नाही, गडद निळी किंवा तपकिरीही असते. मग सपाट रंग एकेक करून. शेवटी दोन रंग जिथे एकमेकांवर चढलेत त्या जागा पाहा. पिवळ्यावर निळा चढला की हिरवा मिळतो आणि नवखा माणूस तो चौथा रंग म्हणून मोजतो. हिरव्याच्या कडेला अर्ध्या मिलिमीटरची पिवळी किंवा निळी किनार डोकावत असेल तर ती चढती छपाई. किनार कुठेच नसेल तर हिरवी शाई वेगळी असण्याची शक्यता जास्त.

बारीक ठिपक्यांचा फवारा दिसला तर तोही नीट पाहा. टणक ब्रश जाळीवर घासून शाईचे शिंतोडे दगडावर उडवायची युक्ती होती. त्यातून एकाच शाईची फिकी छटा मिळते आणि एक दगड वाचतो.

याच दशकात, १८९४मध्ये, मुंबईत राजा रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला. तिथल्या चित्रांत दगडांची संख्या वाढवून, ठिपक्यांवर ठिपके चढवून तैलचित्राची गोलाई आणायची धडपड आहे. पेनफिल्ड नेमका उलट जातो. लिथोचंच, म्हणजे दगडावरून छापायचंच तंत्र, पण गोलाई पूर्ण सोडलेली. घरात रविवर्मा प्रेसचं जुनं चित्र असेल तर दोन्ही शेजारी ठेवून भिंगातून पाहा. सपाट रंग म्हणजे काय हे दहा मिनिटांत कळेल.

पायरी ३: एक पोस्टर हाताने उलगडा

हा सराव टाळू नका. दहा पुस्तकं वाचून जे कळत नाही ते यात कळतं. साहित्य थोडंच लागतं: निवडलेल्या पोस्टरची ए-३ आकाराची छापील प्रत, पाच ताव बटर पेपर, कार्ट्रिज पेपरचा एक ताव, पेन्सिल आणि पोस्टर कलर. एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षेपासून घरात पडून असलेले रंगही चालतील, आटले नसले तर. चित्र तीन शायांचं निवडा. पहिल्याच फेरीत ब्रॅडली घेऊ नका; त्याच्या वळणदार रेषांत हात अडकतो.

प्रतीच्या चारही कोपऱ्यांत, चित्राच्या बाहेर, अधिक चिन्हं काढा. प्रत्येक बटर पेपरवर तीच चिन्हं बरोबर त्याच जागी उतरवा. आता एका तावावर एकच शाई. पहिला ताव सर्वांत फिक्या रंगाचा, शेवटचा रेषेचा. रंगाचा आकार काढताना तो रेषेच्या खाली किमान १ मिलिमीटर सरकवा. रेषेला टेकवून अचूक काढलात की दुसरा ताव केसभर हलला तरी मध्ये पांढरी फट उघडी पडते. छापखान्यात याला रजिस्टर हलणं म्हणतात, आणि जाड बाह्यरेषा ही फट झाकायलाही उपयोगी पडते. पेनफिल्डची ती जाड रेषा शैलीही आहे आणि विमाही.

सगळे ताव एकावर एक ठेवून उजेडासमोर धरा. कुठे फट आहे, कुठे एकाच जागी तीन रंग आले, ते लगेच दिसतं. दुरुस्त करा आणि मग कार्ट्रिजवर उतरवा. रंग कढीइतका दाट ठेवा. पातळ झाला तर पट्टे उमटतात, घट्ट झाला तर वाळल्यावर भेगा जातात. इथे एक अडचण येतेच: छपाईची शाई पारदर्शक असते आणि पोस्टर कलर अपारदर्शक. पिवळ्यावर निळा लावलात तर हिरवा येणार नाही, निळाच दिसेल. चढत्या जागेचा रंग वेगळा कालवून घ्या. संगणकावर करत असाल तर प्रत्येक शाईचा वेगळा थर ठेवा आणि थरांची मिसळण ‘मल्टिप्लाय’ या प्रकाराने करा. तिथे शाई खऱ्या शाईसारखी वागते.

शिंतोड्यांसाठी जुना दातांचा ब्रश चालतो. नको असलेला भाग कागदाने झाका आणि १५ ते २० सेंटिमीटरवरून शिंतोडे उडवा. जवळून उडवले की थेंब पडतात.

अक्षरं सर्वांत शेवटी येतील, पण जागा पहिल्या तावापासून राखून ठेवा. या पोस्टरांतली अक्षरं बहुतेक चित्रकाराने हाताने काढलेली आहेत आणि ती रचनेचाच भाग आहेत. कुठे डोकं अक्षराच्या पुढे येतं, कुठे अक्षर टोपीच्या मागे दडतं. संगणकावरचा तयार फॉन्ट टाकला की चित्र तिथेच मरतं. ब्रॅडली मात्र छापखान्यातच वाढलेला, छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांचा जाणकार. त्याच्या अक्षरांवरून १८९५मध्ये अमेरिकन टाइप फाउंडर्सने त्याच्या नावाचा टाइपही बाजारात आणला.

पायरी ४: भिंग

प्रत्यक्ष पोस्टर हातात आलं की १० पटींचं भिंग घ्या, जवाहिऱ्याचं चालतं. चार गोष्टी ओळखायच्या.

लिथो असेल तर शाई कागदावर सपाट बसलेली दिसते. कडा किंचित मऊ, खडूने भरलेल्या भागात वाळूसारखी अनियमित रवाळ पोत, मागून हात फिरवला तर काही लागत नाही. जस्ताच्या ब्लॉकवरून छापलेलं असेल तर शाई दाबाने कडेला सरकते आणि प्रत्येक आकाराला बारीक गडद काठ दिसतो. दिवा एका बाजूने खाली धरून कागदाची पाठ पाहिली तर दाबाचा उठावही जाणवतो. संग्रहालयांच्या नोंदींत आणि विक्रेत्यांच्या याद्यांत सरसकट ‘लिथोग्राफ’ लिहिलेलं आढळतं. विश्वास भिंगावर ठेवा. लाकडी ठशांची उदाहरणंही आहेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘द लार्क’साठी फ्लॉरेन्स लुंडबोर्गने केलेली.

तिसरी गोष्ट आधुनिक ऑफसेट. निळसर, किरमिजी, पिवळे आणि काळे ठिपके फुलासारख्या गोल नक्षीत रचलेले दिसले तर ते पोस्टर नंतरच्या काळातलं पुनर्मुद्रण आहे, मग कागद कितीही पिवळा असो. अक्षराच्या कडेला पाहिलं की सर्वांत लवकर कळतं: मूळ पोस्टरमध्ये अक्षर एकसंध शाईचं असतं, ऑफसेटमध्ये ते ठिपक्यांत फुटतं. चौथी इंकजेट: दिशा नसलेले सूक्ष्म तुषार, रेषेच्या आतसुद्धा.

ठिपके दिसले की लगेच खोटं ठरवू नका. हाफटोन, म्हणजे छटा ठिपक्यांत फोडून छापायची पद्धत, त्या काळात होता. बेन डे या नावाने ओळखली जाणारी एकाच रंगाच्या नियमित ठिपक्यांची छटाही १८७९पासून माहीत होती. एका रंगाचे, एका दिशेने जाणारे ठिपके चालतील. चार रंगांचं फूल चालणार नाही.

सोबत ३६५ नॅनोमीटरची अतिनील विजेरी ठेवा. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या बऱ्याच पांढऱ्या कागदांत चकाकी आणणारं रसायन असतं. अंधारात विजेरी मारली की ते निळसर पेटतं. १८९०च्या दशकातला कागद मंद, मळकट दिसतो. मात्र जुन्या पोस्टरला मागून नवा कागद लावलेला असेल तर तो पेटेल, म्हणून पुढची आणि मागची बाजू वेगवेगळी तपासा.

पायरी ५: साल शोधा

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. हार्परच्या अनेक पोस्टरांवर महिना आहे, साल नाही. ‘मार्च’ म्हणजे १८९४चा की १८९७चा? दुकानाच्या काचेला सालाची गरजच नव्हती.

आधी मजकूर वाचा. अंकातल्या कादंबरीचं किंवा लेखाचं नाव असेल तर काम सोपं. द्यू मॉरिएची ‘ट्रिल्बी’ हार्परमध्ये जानेवारी ते ऑगस्ट १८९४ चालली; मार्क ट्वेनची जोन ऑफ आर्कवरची कादंबरी एप्रिल १८९५ ते एप्रिल १८९६. अशी क्रमशः चालणारी नावं म्हणजे सालाचा शिक्काच. जुन्या अंकांच्या स्कॅन प्रतींची अनुक्रमणिका उघडून ताडून पाहा.

मजकूर नसेल तर बायकांच्या बाह्या पाहा, थट्टा नाही. खांद्यापाशी फुग्यासारख्या फुगलेल्या बाह्या १८९५-९६ला कळसाला पोचल्या आणि १८९७पासून झपाट्याने उतरल्या. सायकलवरची बाई असेल तर अंदाज दशकाच्या मध्याकडे झुकवा. त्यानंतर सही: पेनफिल्डच्या काही पोस्टरांवर आद्याक्षरांसोबत बैलाच्या डोक्याची खूण सापडते. एकाच पुराव्यावर साल ठरवू नका, दोन जुळले की लिहा.

पायरी ६: मोजपट्टी आणि खरेदी

हार्परची पोस्टरं साधारण ४६ ते ४८ सेंटिमीटर उंच आणि ३१ ते ३५ रुंद असतात. कागदाचं माप आणि छापील भागाचं माप वेगळं लिहून ठेवा. त्या काळच्या हौशी संग्राहकांनी अल्बममध्ये बसवायला कडा कापल्या. समास नसलेलं पोस्टर बरंच स्वस्त व्हायला हवं.

४० बाय २९ सेंटिमीटरचं पेनफिल्ड, ब्रॅडली किंवा र्‍हेड समोर आलं तर उजवा खालचा कोपरा चाचपा. तिथे शाईविना उठावाचा शिक्का लागला तर ते पॅरिसमध्ये १८९५ ते १९०० या काळात निघालेल्या ‘मेत्र द लाफिश’ या मालिकेतलं पान आहे. जगभरची गाजलेली पोस्टरं लहान करून छापणारी ही मालिका होती, एकूण २५६ पानं. तीही जुनी, तीही जमवण्याजोगी. फक्त तिला मूळ पोस्टर म्हणून पैसे मोजू नका.

विक्रेत्याकडे पाठीचा फोटो, तिरप्या उजेडातला फोटो आणि एका कोपऱ्याचा भिंगातून काढलेला फोटो मागा. द्यायला कुरकुर करणाऱ्याला सोडून द्या. लिलावगृहं दर्जा ए, बी, सी, डी अशा अक्षरांत देतात. ए म्हणजे ताजं, डी म्हणजे मोडकळीला आलेलं. ‘बी’ असं लिहिलेल्या पोस्टरची डागडुजी कुठे झालीय ते विचारा. कोऱ्या समासातला फाटलेला तुकडा जोडलेला असणं क्षम्य आहे, चेहऱ्यावर पुन्हा रंगवलेलं असणं नाही. चौकटीतून काढलेलं असेल तर माउंटखाली झाकलेली पट्टी आणि उघडा भाग ताडून पाहा. झाकलेली पट्टी जास्त गडद असेल तर बाकीचा रंग उडालाय आणि तो परत येत नाही.

सुरुवातीला पेनफिल्डचं एखादं कमी गाजलेलं पोस्टर घ्या. ब्रॅडलीचं चॅप-बुक साधारणपणे त्याच्या कितीतरी पट महाग पडतं आणि चूकही तेवढीच महागात पडते.

पायरी ७: मुंबई-कोकणच्या हवेत जपणं

लाकडाच्या लगद्याचा बराचसा कागद आम्लामुळे आतून कुरकुरीत होत जातो. त्याला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे पावसाळ्यात हवा ८० टक्क्यांच्या वर जाते आणि ६५-७०च्या पुढे बुरशी धरते. आम्लमुक्त पुठ्ठ्यावर ठेवून पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात घाला, पण पाकिटाच्या दोन बाजू उघड्या ठेवा. चारही बंद केल्या तर दमट हवा आत कोंडते. कपाटात सिलिका जेल ठेवा आणि ते रंग बदलेल तेव्हा तापवून पुन्हा वापरा. डांबराच्या गोळ्या कागदाला लागू देऊ नका.

भिंतीवर लावायचं असेल तर बाहेरच्या, पाऊस झेलणाऱ्या भिंतीवर नको. काच आणि कागद यांत ३ ते ६ मिलिमीटरचं अंतर हवं. टेकले की ओल धरते आणि शाई काचेला चिकटते. अतिनील किरण अडवणारा अॅक्रिलिक वापरा, उजेड ५० लक्सच्या आसपास ठेवा. कापडावर चढवलेल्या पोस्टरची खळ गव्हाच्या पिठाची असते. कसर तिच्या वासाने येते, म्हणून दर दोन महिन्यांनी मागची बाजू उलटून पाहा.

लॅमिनेशन करू नका. कोपऱ्यावरच्या दुकानातला माणूस “शंभर वर्षं टिकेल” म्हणेल. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक पुढे कागद फाडल्याशिवाय सहसा निघत नाही आणि पोस्टरची किंमत त्याच दिवशी संपते. फाटलं असेल तर सेलोटेपही नको. जपानी कागदाची पट्टी आणि गव्हाची खळ हाच इलाज, तोही कागदाचं जतन करणाऱ्या जाणकाराच्या हातून.